मातीचं काम

वारा पडलेला असेल अशी वेळ निवडा. नाशिकजवळच्या एकलहऱ्यात उन्हाळ्याच्या दिवसांत ती सकाळी लवकर मिळते; ऊन अंगावर आलेलं असतं, पण तापलेलं नसतं. हातात अजून काही घेऊ नका. झाडू नको, पाण्याचा पाइप नको. चपला कडेला काढा आणि कृत्रिम गवताच्या काठाशी बसा. गवत गच्चीवर असेल, फरशीच्या अंगणात असेल, दुकानापुढच्या चार फुटांच्या पट्टीवर असेल. कुठेही असलं तरी बसायचं जमिनीलगत, म्हणजे नजर पात्यांच्या बुडाशी पोहोचेल.

घाई नाही. श्वास आपल्या चालीने येऊ-जाऊ द्या.

आता पाहा. हिरवा रंग आधी दिसेल, कारण तो दिसावा म्हणूनच घातलेला आहे. त्याला थोडा वेळ बाजूला ठेवा. दोन बोटांनी पाती फाकवा आणि आत नजर टाका. तळाशी एक करडा थर आहे. एखाद्या ठिकाणी वाळलेलं पान, मुंगीचा पंख, कुठून तरी आलेला केस. बोटाचं टोक त्या करड्या थरावर टेकवा, उचला आणि अंगठ्यावर हळूच घासा.

रस्त्याची धूळ खरखरते. शेतातली काळी माती बोटाला धरून राहते आणि ओल लागली की डाग पाडते. या दोन्हींच्या मध्ये तिसरं काही तरी सापडेल, जे खरखरत नाही आणि चिकटत नाही, बोटांमधून नुसतं सरकतं. ती कोळशाची राख. ती सरकते याला कारण आहे. भट्टीत कोळसा जळतो तेव्हा त्यातला जळू न शकणारा खनिज भाग वितळतो, त्याचे अतिबारीक थेंब होतात, आणि धुराबरोबर वर जाताना ते थेंब गोलच्या गोल गोठतात. बोटावर आहेत ते काचेचे गोल आहेत, डोळ्यांना एकेकटे न दिसणारे. थोडा वेळ त्यांच्याकडेच लक्ष ठेवा.

एकलहऱ्याला ही राख परकी नाही. इथलं औष्णिक विद्युत केंद्र, ज्याला सगळे नुसतं थर्मल म्हणतात, ते १९७० पासून वीज करत आलं आहे. १४० मेगावॅटचे पहिले दोन संच १९७० आणि १९७१ मधले, आता बंद. २१० मेगावॅटचे तीन संच १९७९ ते १९८१ या काळात आले. कॉलनी, शाळा, बाजार, रेल्वेची कोळशाची लाइन, राखेचा बंधारा हे सगळं त्या चिमण्यांच्या आगेमागे वाढलं. आपल्याकडच्या कोळशात राखेचं प्रमाण फार, शंभर किलो कोळशात तीस-चाळीस किलो. एक युनिट वीज करायला पाऊण किलोच्या आसपास कोळसा लागतो, म्हणजे मागे पाव किलोच्या आसपास राख उरते. तिच्यातली बहुतेक यंत्रणेत पकडली जाते, पाण्याबरोबर पाइपातून बंधाऱ्यात जाते किंवा टँकरमधून सिमेंट आणि विटांकडे जाते. बाकीची वाऱ्याच्या हाती. कोरडा पडलेला बंधारा आणि चैत्र-वैशाखातला वारा एकत्र आले की ती उठते आणि जिथे थांबायला जागा मिळेल तिथे थांबते.

आणि पात्यांचं दाट रान म्हणजे थांबायची जागाच.

बोटावरची राख अजून झटकू नका. तिचा प्रवास मागे मागे नेऊन पाहा. चिमणी, भट्टी, रेल्वेची वाघीण, खाण. आपल्या देशातला बहुतेक दगडी कोळसा गोंडवन काळातल्या थरांतून येतो; विदर्भातलं वर्धा खोरं त्याच पट्ट्यातलं. पंचवीस-तीस कोटी वर्षांपूर्वी तिथे दलदल होती आणि ग्लोसोप्टेरिस नावाची झाडं होती. त्यांची पानं जिभेच्या आकाराची. पानं दलदलीत पडत राहिली, नद्यांनी आणलेला गाळ त्यांच्यात मिसळत राहिला, वर थर चढत गेले. पान कोळसा झालं, आणि गाळ त्याच्या अंगात तसाच राहिला. कोळसा जळाला तेव्हा पानाची वीज झाली, गाळाची राख झाली.

म्हणजे बोटावर जे आहे ती माती आहे. एका फार जुन्या जंगलाची माती, जी खऱ्या पानांखाली जन्मली आणि आज खोट्या पानांखाली येऊन बसली. मला हा विचार सुचल्यापासून या करड्या थराचा राग येत नाही. तो काढायचा तर आहेच. पण शत्रू हाकलावा तसा काढावासा वाटत नाही.

आता मनात दुसरी गोष्ट आणा. इथे प्लॅस्टिक नसतं, काळी माती असती, तिच्यावर हरळी असती, तर या राखेचं काय झालं असतं?

हळूहळू कल्पना करा. राख पात्यांवर पडली. संध्याकाळी वाऱ्याने पातं हललं, ती खाली उतरली. वैशाखात काळी माती भेगाळते. वरची धूळ, राख, पालापाचोळा त्या भेगांत घसरला. ज्येष्ठाचा पहिला पाऊस आला, माती फुगली, भेगा मिटल्या, आणि वरचं सगळं खाली गेलं. गांडुळांनी ते वर-खाली केलं. मुळं त्यातून वाट काढत गेली. कुणी झाडू मारला नाही, कुणी पाइप धरला नाही, तरी जागा निर्मळ राहिली. माती वर्षानुवर्षं हे करते आणि आपल्या लक्षातही येत नाही.

कृत्रिम गवताला ते करता येत नाही. खाली पॉलिप्रॉपिलीनचं विणलेलं कापड, त्याला लॅटेक्सचा किंवा पॉलियुरेथेनचा लेप, लेपात पाणी जायला ठराविक अंतरावर भोकं, आणि वर पॉलिइथिलिनची पाती. यात काही जिरत नाही. दिलेलं सगळं ते जसंच्या तसं धरून ठेवतं. राख राखच राहते, दूध सांडलं तर आंबून वास मारतं, कुत्र्याने लघवी केली तर ती तळाशी सुकून तिथेच राहते. दुकानात आपल्याला सांगितलेलं असतं की याला निगा लागत नाही. पाणी घालायचं नाही आणि कापायचं नाही एवढं खरं. मातीचं जे काम होतं, ते मात्र कुणाला तरी करावं लागतं. ते आता तुमच्या हातात आलं आहे.

या वाक्याशी थोडं थांबा. मग उठा.

नाकातोंडावर रुमाल बांधा, कारण ही राख श्वासात जाण्याइतकी बारीक आहे. मोठा केर आधी हाताने वेचा. पानं, काड्या, पंख. वेचताना वाकावं लागतं, वाकल्यावर जागा जवळून कळते. कुठे पाती दबली आहेत, कुठे सांधा उकलायला लागला आहे, कुठे पावलांची वाट पडली आहे. मखमलीला जशी एका अंगाला लव असते तशी या पात्यांनाही असते. तळव्याने एकदा पुढे, एकदा मागे फिरवून ती ओळखा.

नंतर मऊ दाताचा झाडू किंवा नायलॉनचा ब्रश घ्या. तारेचा नको, तो पाती फाडतो. लवेच्या उलट दिशेने, छोट्या छोट्या हातांनी ओढा. जोर लावू नका. जोर लावला की राख हवेत उठते आणि हातभर पलीकडे परत बसते. सावकाश ओढली की ती ढीग होते. हात, मग श्वास. हात, मग श्वास. दबलेली पाती उभी राहत जातात आणि त्यांच्या पायथ्याची राख मोकळी होते. चार-पाच हातांनंतर थांबून ढीग सुपलीत घ्या. सगळं एकदम एका टोकाला लोटत नेऊ नका.

कोरड्या दिवसांत एक गोष्ट जाणवेल. ब्रश फिरवला की काही राख सुटते आणि काही पुन्हा पात्याला जाऊन चिकटते. प्लॅस्टिकवर घासण्याने विजेचा भार साचतो आणि बारीक कण त्याकडे ओढले जातात. थर्मलमध्ये धुरातली राख पकडायची ती याच तत्त्वावर. धूर चिमणीत जाण्याआधी धातूच्या पत्र्यांच्या रांगांमधून नेतात, उच्च दाबाच्या विजेने राखेच्या कणांना भारित करतात, कण पत्र्यांना जाऊन चिकटतात, आणि ठराविक वेळाने हातोडे पत्र्यांवर ठोके देतात तेव्हा राख खाली हॉपरमध्ये पडते. त्या यंत्राने पकडायचं ते बहुतेक पकडलं. त्यातून निसटलेल्या चिमूटभराला तुमच्या दारातल्या पात्याने तसंच धरलं. तेव्हा झाडून झाल्यावर ओलसर पिळलेलं सुती फडकं पात्यांवरून फिरवा. ओलीने भार उतरतो आणि उरलेली राख फडक्याला लागते.

व्हॅक्यूम क्लीनर चालेल का? चालतो, राख न उडवता ओढतो, दम्याचं माणूस घरात असेल तर तोच बरा. मी स्वतः झाडूच्या बाजूची आहे. चौदाशे वॅटचं यंत्र पाऊण तास चाललं की एक युनिट वीज खर्चते, आणि ती वीज कोळशाची असेल तर त्या एका युनिटामागे पाव किलो राख कुठे तरी तयार होते. अंगणातून बहुधा तेवढी निघतही नाही. हे गणित करून बघण्यासारखं आहे. हात अधिक शांतपणे चालतो.

सुपलीतली राख कुठे टाकायची, हा प्रश्न बारीक वाटतो पण मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मोरीत नको, गटारात नको. कोळशाच्या राखेत जड धातूंचे अंश असतात, म्हणून मेथी-कोथिंबिरीच्या कुंडीतही नको. तिच्याबरोबर झिजलेल्या पात्यांचे हिरवे तुकडेही येतात; सुपली जरा उन्हाकडे धरा, दिसतील. राख किंचित ओली करून पिशवीत बांधा आणि सुक्या कचऱ्यात द्या.

आता पाणी. कोरडं झाडणं पूर्ण झाल्याशिवाय पाणी घ्यायचं नाही. आधी पाणी मारलं तर राखेचा चिखल होतो, चिखल तळाशी उतरतो आणि भोकं बुजवतो. मग पावसाळ्यात पाणी तुंबतं आणि आपण गवताला दोष देतो. पाइपाने धार सोडण्यापेक्षा बादली आणि झारी घ्या. पाणी जिथून बाहेर पडतं त्या तोंडावर जुन्या सुती साडीची चौपदरी घडी बसवा. झारीने पाणी घाला आणि हात थांबवून ते कुठे जातं ते पाहा.

पात्यांतून खाली. भोकांतून फरशीवर. फरशीवरून घडीकडे. घडीतून गटारात, गटारातून ओढ्यात, ओढ्यातून गोदावरीत. थर्मलला पाणी पुरवते तीच गोदावरी. ती इथून निफाड तालुक्यात नांदूर मध्यमेश्वरला जाते, जिथे हिवाळ्यात दूरदेशीचे पक्षी उतरतात आणि जे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ ठरलं. तुमच्या झारीतलं पाणी तिथवर जाणारं आहे असं धरूनच ओता. साबण टाळा. मूत्राचा किंवा दुधाचा वास असेल तेवढ्याच जागी पांढरा व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात शिंपडा, दहा मिनिटं थांबा, मग स्वच्छ पाणी. ब्लीच कशालाच नको.

घडी काढून उलगडा. करडा गाळ आणि त्यात हिरवे ठिपके. हे ठिपके नदीत गेले असते तर तिथेही जिरले नसते. खेळाच्या मैदानांवरही हाच प्रश्न आहे. नाशिकमध्ये रात्री दिव्यांखाली बॉक्स क्रिकेट चालतं त्या टर्फवर काही ठिकाणी पात्यांच्या मध्ये वाळूबरोबर रबराचे काळे दाणे भरलेले असतात. खेळून आल्यावर बुटांतून ते घरभर सांडतात. युरोपीय संघाने २०२३ मध्ये नियम करून असे दाणे ऑक्टोबर २०३१ पासून विकायला मनाई केली, कारण ते मैदानातून निघून पाण्यात आणि मातीत जातात. आपल्याकडे नियमाची वाट न पाहता एक करता येतं: मुलांचे बूट मैदानावरच झटकून घ्यायचे. घडी वाळू द्या, वाळल्यावर झटका, झटकलेलं त्याच राखेच्या पिशवीत.

पाणी निथळेपर्यंत सावलीत बसा. ऊन चढलं असेल. ओलं गवत आता सुकेल आणि मग तापेल, आणि ते तापणं हाताला समजू द्या. खरं पातं स्वतःतून पाणी सोडून थंड राहतं. या पात्याला तो मार्ग नाही. एप्रिलमध्ये दुपारी त्याचा पृष्ठभाग साठ अंशांच्या वर जाऊ शकतो. तान्हं मूल रांगायला सोडू नये, कुत्र्याचे पंजे भाजतात. या गवताचा इतिहास उन्हाशीच जोडलेला आहे. अमेरिकेत ह्यूस्टनला १९६५ मध्ये ॲस्ट्रोडोम नावाचं छप्पर घातलेलं स्टेडियम उघडलं, आत खरं गवत लावलं होतं. पारदर्शक छपराचा झगझगाट खेळाडूंच्या डोळ्यांवर यायचा म्हणून ते छप्पर रंगवलं, आणि ऊन न मिळून गवत मेलं. १९६६ मध्ये तिथे नायलॉनचं गवत अंथरलं. ॲस्ट्रोटर्फ हे नाव त्या ॲस्ट्रोडोमवरूनच पडलं. ऊन नाही म्हणून जे जगात नावारूपाला आलं, ते आपण वैशाखातल्या गच्चीवर पसरलं आहे. त्याच्याकडून फार अपेक्षा करू नये. दुपारी त्यावर जुनी चादर किंवा शेडनेट टाका.

विस्तवापासून तर जपावंच लागतं. पॉलिइथिलिन साधारण ११० ते १३० अंशांना वितळतं आणि त्याआधीच मऊ पडतं. तुळशीपुढची पणती, धुपाटणं, फुलबाजीची ठिणगी, शेगडी, सगळ्यांच्या खाली फरशीचा तुकडा हवा. जळालेला डाग धुऊन जात नाही. तेवढा चौकोन कापून लवेची दिशा जुळवून दुसरा तुकडा चिकटवतात. बसवताना उरलेली कातरणं म्हणून जपून ठेवा.

पावसाळ्याबद्दल थोडंच. शेवाळ धरतं, म्हणून दर पंधरा दिवसांनी एक कड उचलून खाली हवा द्या. उघडीप मिळेल तेव्हा ब्रश.

आणि मग कधी तरी श्रावणात, गवत मातीवर अंथरलेलं असेल तर, एका सांध्यातून लव्हाळा वर येईल. इथल्या शेतकऱ्याला तो चांगला ठाऊक आहे. टोमॅटोच्या आणि मिरचीच्या वाफ्यांवरचा मल्चिंग पेपर तो सुईसारख्या टोकाने भोसकून बाहेर येतो. तो दिसला की लगेच उपटू नका. त्याच्याजवळ बसा. प्लॅस्टिकच्या हजारो पात्यांमध्ये एकटं पातं असं आहे ज्याच्या खाली काही चाललं आहे. अंधारात, लेपाखाली, इतके महिने माती जिवंत होती. तिने एका गाठीत अन्न धरून ठेवलं, ओल येण्याची वाट पाहिली, आणि तिला जागा सापडली. हे पुरतं पाहून घ्या. मगच कड उचला आणि खुरप्याने गाठीसकट काढा, कारण वरवर तोडला तर तो आठवड्यात परत येतो आणि सांधा फाडतो. उकळतं पाणी ओतू नका, लेप सुटेल.

माझं मत मी लपवत नाही. जिथे उघडी माती आहे तिथे तिच्यावर प्लॅस्टिक अंथरू नये. पण अंथरलेलं आहे, ते उचलून फेकणं हा उपाय नव्हे. पाती एका प्लॅस्टिकची, कापड दुसऱ्याचं आणि लेप तिसऱ्याचा असल्याने ते वेगळं करणं अवघड, त्याचा पुनर्वापर त्याहून अवघड. जितकी वर्षं टिकेल तितकी टिकवावं. मऊ हाताने टिकतं.

एक काम मात्र या वर्षी करता येईल. ज्या बाजूने वारा येतो, उन्हाळ्यात इथे तो बहुतेक पश्चिमेकडचा, त्या कडेचं हातभर रुंदीचं गवत कापून काढा. खाली माती असेल तर उघडी करा, फरशी असेल तर मोठ्या कुंड्या मांडा. अडुळसा लावा, जास्वंद लावा, जागा असेल तर कडुनिंब. दाट आणि खरबरीत पानांवर धूळ आधी अडकते, गवतापर्यंत कमी पोहोचते. पहिल्या वर्षी फरक जाणवणार नाही. झाड कमरेइतकं झालं की सुपली हलकी लागेल. आठवड्यातून एकदा झारी घेऊन त्या पानांवरही पाणी घाला, वरून खाली, प्रत्येक फांदीला. ते पाणी घडीतून गाळायची गरज नाही. बुंध्याशी जाऊ द्या.